बेरीज की वजाबाकी?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा महागाईवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार. ते विषय आमच्या अंगवळणी पडलेले आहेत. परंतु आम्ही विषय कळविला तो प्राथमिक शाळेतील शाब्दिक उदाहरणांचा. चालकांपैकी एका गृहस्थांनी ‘हा विषय शिक्षकांचा नव्हे काय?’ असे भीत भीत विचारलेही. प्रश्न रास्त आहे. आम्ही शिक्षक नाही. आमचे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढे जे काही थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत, जुन्या पुस्तकांतून आणि कामगारांच्या पगारचिठ्ठ्यांतून. पण गेली पुष्कळ वर्षे आमच्या कचेरीत संध्याकाळी कामगारांची मुले अभ्यासाला येऊन बसतात. घरी जागा नसते, दिवा असला तर दूरदर्शनचा गलका असतो. कचेरीत निदान एक लांब टेबल आहे. त्या टेबलापाशी बसून जे पाहिले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

त्या टेबलापाशी आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगू: ‘काका, बेरीज की वजाबाकी?’ मूल पुस्तक पुढे करते, उदाहरणावर बोट ठेवते आणि एवढेच विचारते. आम्ही ‘वजाबाकी’ म्हटले की ते खूश होऊन जाते, झरझर आकडे मांडते, उत्तराखाली दोन रेघा ओढते आणि पुढच्या उदाहरणावर बोट ठेवून पुन्हा तेच विचारते. आरंभी आम्हीही सांगून टाकीत असू. मुलांचा अभ्यास लवकर होई आणि आम्हालाही आमची कामे करता येत. ही आमची चूक होती, आणि आमच्यासारखे अनेक वडीलधारे ती रोज करीत असतात.

आता यातली गंमत पाहा. या मुलांना आकडेमोड येत नाही असे मुळीच नाही. ५२ मधून २७ वजा करावयास सांगा. मूल २५ हे उत्तर बिनचूक देईल. पण ‘एका वर्गात ५२ विद्यार्थी आहेत. त्यांपैकी २७ मुली आहेत. तर मुलगे किती?’ असे विचारले की तेच मूल थबकते. का? त्याने वजाबाकी शिकताना गोष्ट ऐकलेली असते ती नेहमी एकच: इतके होते, त्यातले इतके गेले, किती उरले? येथे तर वर्गातून कोणीच गेलेले नाही! सगळे विद्यार्थी आपापल्या जागी बसलेले आहेत. मग वजा काय करायचे?

मुलाची ही शंका वेडगळ नाही. वजाबाकी ही एक क्रिया असली तरी तिच्या गोष्टी अनेक आहेत. पाखरे उडून गेली, ही एक गोष्ट. वर्गातील मुली वेगळ्या मोजल्या, ही दुसरी. आईचे वय ३४ आणि मुलाचे ९, तर आई किती वर्षांनी मोठी, ही तिसरी. येथे कोणी कोठे जात नाही, दोघांना शेजारी उभे करून पाहावयाचे असते. सायकलीला ४,५०० रुपये लागतात, ३,२०० साठले आहेत, अजून किती हवेत, ही चौथी. आणि येथे तर ‘अजून’ हा शब्द मुलाला सरळ बेरजेकडे ओढतो. चारही ठिकाणी वजाबाकीच आहे. ज्याने फक्त पाखरांची गोष्ट ऐकली आहे त्याला बाकीच्या तीन गोष्टींत ती दिसणार कशी?

यावर एक तोडगा फार प्रचारात आहे. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की गुणाकार, अशी शब्दांची यादी मुलांकडून पाठ करून घेतात. हा तोडगा सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु तो मुलाला उदाहरण वाचण्यापासून वाचवितो, आणि नेमके तेच करावयाचे नसते. एक उदाहरण घ्या. ‘राजूकडे ८ गोट्या आहेत. त्या सीमाच्या गोट्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. सीमाकडे किती गोट्या आहेत?’ यादी पाठ केलेल्या मुलाला ‘जास्त’ हा शब्द दिसतो आणि तो ११ असे ठोकून देतो. सीमाकडे गोट्या आहेत पाच. गोष्ट डोळ्यांपुढे आणली असती तर राजूची मूठ मोठी आणि सीमाची लहान, हे त्याला न सांगता कळले असते.

शब्द नुसते पाठ केले आणि त्यांचा अर्थ कळला नाही, तर काय होते याचा एक नमुना आमच्या टेबलावरचा आहे. ‘चार मुलांना प्रत्येकी सहा पेरू दिले, तर किती पेरू दिले?’ यावर एका चुणचुणीत मुलाने उत्तर काढले: दोन. आम्ही रागावलो नाही. कसे काढले ते विचारले. तो म्हणाला, ‘पैकी म्हणजे त्यातून काढायचे ना?’ त्याला ‘प्रत्येकी’ आणि ‘पैकी’ हे दोन शब्द एकच वाटत होते. त्याच्या घरी कानडी बोलतात. पण खुद्द मराठी घरांतील मुलांनाही ‘प्रत्येकी’, ‘पैकी’, ‘अनुक्रमे’, ‘दर’ हे शब्द कानावरून क्वचितच गेलेले असतात. स्वयंपाकघरात कोणी ‘प्रत्येकी दोन पोळ्या घ्या’ म्हणत नाही, ‘दोन-दोन घ्या’ म्हणतात. ‘पाचने जास्त’ आणि ‘पाचपट’ यांतला फरक तर मोठ्यांनाही चकवितो. तेव्हा मूल अडले की ते गणितात अडले असे समजू नये. पुष्कळदा ते मराठीत अडलेले असते. ‘प्रत्येकी’च्या जागी ‘एकेकाला’ म्हणून पाहा. निम्म्या वेळी गाडी सुटते.

ही आपल्याकडचीच अवस्था आहे असे नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी लहान मुलांना एक प्रश्न घातला: ‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. कप्तानाचे वय किती?’ ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांवर काही ना काही क्रिया करून कप्तानाचे वय काढून दिले. आपण हसलात. पण मुले मूर्ख नव्हती. शाळेत प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर असतेच, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच काढावयाचे असते, हा धडा ती पक्का शिकलेली होती. शिकविला कोणी? आपण मोठ्या माणसांनीच.

मग करावे काय? आम्हाला या बाबतीत जे थोडे उमगले ते एका निरक्षर बाईमुळे. शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारी ही बाई मुलाला न्यायला कचेरीत आली होती. मुलाचे एक उदाहरण राहिले होते. ‘एका टोपलीत ९६ आंबे होते. त्यांतील काही नासले. उरलेले आंबे ६ पेट्यांत प्रत्येकी १४ याप्रमाणे भरले. तर किती आंबे नासले?’ मुलाने तिन्ही आकड्यांची बेरीज करून ११६ असे लिहिले होते. मी कामात असल्याचे पाहून त्याने आईलाच विचारले, ‘आई, बेरीज का वजाबाकी?’

आई म्हणाली, ‘मला कुठं वाचता येतंय? काय झालं ते तर सांग.’

‘आंबे होते.’

‘किती?’

‘शहाण्णव.’

‘आणि नासले किती म्हणतोस?’

‘एकशे सोळा,’ असे म्हणताच तो मुलगा स्वतःच चपापला. टोपलीत होते त्याहून जास्त आंबे नासणार कसे?

‘बरं, मग जे चांगले राहिले त्यांचं काय केलं?’

‘पेट्यांत भरले. सहा पेट्या. एकेकीत चौदा...’ एवढे बोलून तो थांबला. आईकडे न बघता वहीकडे वळला. सहा चोक चोवीस, सहा एके सहा, असे पुटपुटत त्याने ८४ मांडले, ते ९६ मधून वजा केले आणि १२ या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

त्या बाईने त्याला काहीही शिकविले नव्हते. तिने बेरीज सांगितली नाही, वजाबाकी सांगितली नाही. तिला खरोखरच ठाऊक नव्हते, म्हणून तिने खरोखरच विचारले. आणि जिला ठाऊक नाही तिला समजावून सांगायचे म्हणजे मुलाला ती गोष्ट आधी स्वतः समजून घ्यावी लागली. आम्ही शिकल्यासवरल्यासारखे ‘वजाबाकी’ म्हणून मोकळे होत होतो, तेथे ही अक्षरशत्रू बाई आमच्याहून चांगली शिक्षिका ठरली. म्हणून ज्या आईबापांना वाटते की आपण शिकलेलो नाही, आपण मुलाला गणितात काय मदत करणार, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की, मदत तुम्हीच करू शकता. फक्त विचारा, ‘काय झालं ते सांग.’

तेव्हापासून आमच्या टेबलावर एक शिस्त आहे. उदाहरण वाचून झाले की पेन्सिल खाली ठेवायची आणि पुस्तक मिटायचे. मग काय घडले ते आपल्या शब्दांत सांगायचे. आकडे विसरले तरी चालतील. गोष्ट विसरता कामा नये. मग विचारले काय आहे ते सांगायचे. येथेच अर्धी मुले अडतात, कारण शेवटची ओळ त्यांनी वाचलेलीच नसते. त्यानंतर अंदाज: उत्तर मोठे यावे की लहान? शंभराच्या आत की बाहेर? तरीही जमले नाही तर आमच्याकडे चिंचोक्यांचा एक डबा आहे. आकडे मोठे असतील तर लहान घेऊन पाहायचे. ९६ च्या जागी १० आंबे आणि दोन पेट्या घेतल्या की चिंचोके मांडता येतात आणि वाट दिसते. सगळ्यात शेवटी उत्तर गोष्टीत परत नेऊन ठेवायचे: १२ नासले, ८४ पेट्यांत गेले, मिळून ९६, टोपली बरोबर भरली.

पुढे जॉर्ज पोल्या या गणितज्ञाच्या १९४५ साली निघालेल्या एका पुस्तकाची माहिती वाचनात आली. प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, बेत पार पाडा आणि मागे वळून पाहा, अशा चार पायऱ्या त्याने सांगितल्या आहेत. वाचून आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. आपली मुले चारांपैकी तिसरीच पायरी काय ती करतात, आणि आपण शाबासकी देतो तीही तिसरीलाच.

अंदाज घेऊन पाहणे म्हणजे चाचपडणे, असे काहींना वाटते. त्यांना भास्कराचार्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत त्यांनी इष्टकर्म म्हणून एक रीतच दिली आहे: उत्तर ठाऊक नाही ना, मग सोयीची एखादी संख्या धरून चला. समजा, एका शेतकऱ्याने निम्मी पोती विकली, चौथा हिस्सा बियाण्याला ठेवला आणि घरात ५ पोती राहिली. मुळात किती? धरा, ४ होती. २ विकली, १ बियाण्याला, उरले १. पण उरली आहेत ५, म्हणजे आपल्या अंदाजाच्या पाचपट. तेव्हा मुळात २०. पाचवीतले पोरदेखील हे चिंचोक्यांवर करते. आणि आणखी एक. भास्कराचार्यांनी आपली उदाहरणे कोरड्या आकड्यांत न देता भुंगे, हंस, मोर यांच्या गोष्टींत गुंफून लीलावतीला उद्देशून घातली आहेत. गोष्टीतून गणित, ही काही आपल्याला परकी चाल नव्हे.

भागाकाराबद्दल थोडे सांगतो. आमच्या युनियनचे २०० लोक मोर्चाला न्यायचे आहेत आणि एका गाडीत ४४ जण बसतात. गाड्या किती? २०० ला ४४ ने भागा: भागाकार ४, बाकी २४. आता आम्ही आगारात जाऊन ‘चार गाड्या, बाकी चोवीस’ असे सांगू काय? ते चोवीस लोक रस्त्यावर उभे राहतील. गाड्या पाच हव्यात. पण खिशात २०० रुपये आहेत आणि वही ४४ रुपयांना आहे, तर वह्या चारच येतील. पाचवी कोणी देणार नाही. आणि वह्या घेऊन पैसे किती उरले असे विचारले तर उत्तर २४. भागाकार तोच, आकडे तेच, उत्तरे तीन. कोणते द्यायचे हे भागाकार सांगत नाही, गोष्ट सांगते. अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना असाच प्रश्न घातला होता. त्याचा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला. एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, १,१२८ सैनिकांना बस किती? शंभरातील सुमारे ७० मुलांनी भागाकार बरोबर केला. ३२ बस हे उत्तर दिले फक्त २३ जणांनी. २९ जणांनी लिहिले, ‘३१, बाकी १२’.

याच्या उलट चित्रही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कलकत्ता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुले गिऱ्हाइकाशी अवघड हिशेब तोंडी आणि बिनचूक करीत होती. गोष्टीच्या रूपात घातलेली उदाहरणेही त्यांना येत होती. पण तशीच किंवा त्याहून सोपी आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की ती अडत. जवळच्या शाळांतील, बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचे नेमके उलट होते. याचा अर्थ मुलांना बाजारात बसवा असा कोणी काढू नये. मुलांनी कामावर नव्हे, शाळेत असावे, यासाठी आम्ही हयात घालविली आहे. अर्थ एवढाच की, बाजार आणि शाळा यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे, आणि शाब्दिक उदाहरण हे त्या भिंतीतले दार आहे. ते दार आपण ‘बेरीज’, ‘वजाबाकी’ असे परस्पर सांगून बंद करून टाकतो.

आता शेवटी, एका युनियनवाल्याला या विषयाची एवढी तळमळ का, ते सांगून टाकतो. त्यात आमचीच फजिती आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालली होती. मालकाने वीस टक्के देऊ केले. आम्ही दहा मागून पाच पदरात पाडून घेणारी माणसे. वीस म्हटल्यावर हरखून गेलो. द्वारसभा बोलावली, आकडा जाहीर केला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागे उभा असलेला एक वयस्क कामगार म्हणाला, ‘भाऊ, टक्के राहू द्या. माझ्या हातात किती येणार?’ त्याचा पगार सगळे भत्ते धरून ५,००० होता. आम्ही ऐटीत म्हणालो, ‘हजार!’ तो म्हणाला, ‘वीस टक्के कशाचे, ते एकदा वाचून दाखवा.’ आम्ही कागद उघडला. वाढ मूळ पगारावर होती. मूळ पगार होता २,०००. म्हणजे हातात येणार होते ४००.

मालकाने खोटे काही लिहिले नव्हते. कागदावर सर्व काही होते. आम्ही ‘वीस’ आणि ‘टक्के’ एवढे दोनच शब्द वाचले आणि क्रिया करून मोकळे झालो. जशी ती मुले ‘जास्त’ पाहून बेरीज करतात तशी. सह्या व्हायच्या होत्या म्हणून निभावले. पुन्हा बोलणी झाली, आणि महागाई भत्त्यासकट हिशेब धरून काही अधिक पदरात पडले. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. तो म्हातारा शाळेत फारसा गेलेला नव्हता. त्याने केले एवढेच की उत्तर गोष्टीत परत नेऊन ठेवले आणि विचारले, हातात किती?

बंधूंनो, शाब्दिक उदाहरण हे चौथीच्या परीक्षेतील चार गुणांचे प्रकरण नव्हे. कर्जाचा कागद, विम्याचा हप्ता, कंत्राटी कामाची हजेरी, पगाराची चिठ्ठी ही सगळी शाब्दिक उदाहरणेच आहेत. फरक इतकाच की ती घालणारा तुमचा शिक्षक नसतो, आणि तुम्ही चुकावे अशीच पुष्कळदा त्याची इच्छा असते. तेथे ‘बेरीज की वजाबाकी?’ असे विचारायला शेजारी काका नसतो. जो मुलगा आज गोष्ट न वाचता आकडे उचलतो, तो उद्या कागद न वाचता अंगठा उठवील, मग तो अंगठा सहीच्या रूपात का असेना.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. मुलाने पुस्तक पुढे केले आणि तो प्रश्न विचारला तर उत्तर ठाऊक असले तरी देऊ नका. त्याच्या हातची पेन्सिल काढून घेऊ नका. आपणच सोडवून दाखविण्याचा मोह मोठा असतो, तो आवरा. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘काय झालं ते सांग.’ तो गप्प बसेल. बसू द्या. ती शांतता म्हणजे अडाणीपणा नव्हे. तेव्हा तो टोपलीतले आंबे मोजत असतो.